लावलेले वळण, पडलेले वळण

मराठी भाषेत 'वळण' या शब्दाची दोन क्रियापदांशी फार जुनी सोयरीक आहे. वळण 'लावतात' आणि वळण 'पडते'. पहाटे उठण्याचे, पानात काही न टाकण्याचे, थोरांस नमस्कार करण्याचे वळण वडीलधारी माणसे मुलांस लावतात. चहा बशीत ओतून पिण्याचे वळण मात्र कोणी लावीत नाही. आजोबांकडे पाहता पाहता ते नातवाला आपोआप पडते. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी या विषयासाठी 'अभिसंधान', 'प्रबलन', 'निरीक्षणात्मक अध्ययन' असे भारदस्त शब्द घडविले आहेत. शास्त्राला असे शब्द लागतातच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु लावणे आणि पडणे या दोन साध्या क्रियापदांत त्या शास्त्राचा निम्मा भाग आपल्या आज्या-पणज्यांनी आधीच बांधून ठेवला होता, असे आम्हांस वाटते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते निव्वळ जिज्ञासेने नव्हे. आमची नात पाच वर्षांची आहे. सूनबाई तेलुगू घरातल्या. आम्हा उभयतांचे आपसांतील बोलणे मराठीत, सूनबाईंचे लेकीशी तेलुगूत, चिरंजीवांचे आमच्याशी मराठीत पण सूनबाईंशी इंग्रजीत, आणि रिक्षावाल्याशी सर्वांचेच दखनीत, अशी आमच्या घराची भाषिक वाटणी आहे. नातीला मराठी उत्तम समजते. 'फडताळातली चष्म्याची डबी आण गं' म्हटले की शेजारची सुपारीची डबी सोडून ती नेमकी चष्म्याचीच आणते. मात्र ती हाती देताना म्हणते, 'हियर, आजोबा.' 'कळते हो तिला सगळे, बोलत नाही इतकेच,' हे वाक्य तारनाका, हब्शीगुडा, मारेडपल्ली ते थेट काचीगुड्यापर्यंतच्या इतक्या मराठी घरांतून आम्ही ऐकले आहे की ते आता हैदराबादी मराठीतील एक वाक्प्रचार म्हणून नोंदवावयास हरकत नाही. आमच्या घरी मराठी बोलणारी माणसे तीन, आणि त्यांतली दोन सत्तरी ओलांडलेली. पुढचा हिशेब वाचकांनी करावा.

तारनाका हे गावच असे आहे की येथे राहणाऱ्याला शिकण्याविषयी विचार करणे भाग पडावे. नावातले 'तार' आणि 'नाका' हे दोन्ही शब्द मराठी माणसाला आपले वाटतात. एका हाताला उस्मानिया विद्यापीठ, १९१८ साली स्थापन झालेले आणि उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग करणारे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्यामुळे परभणी, नांदेड, औरंगाबादकडची कित्येक मराठी मुले येथे येऊन गणित आणि पदार्थविज्ञान उर्दूत शिकली. आमचे वडील त्यांपैकीच एक. त्यांनी आम्हांस उर्दूचे एक अक्षरही शिकविले नाही. आमच्या शिक्षणाच्या बाबतीत ते कट्टर मराठी होते. परंतु किराणा मालाचा हिशेब मांडताना ते 'सात अट्ठे छप्पन' असे पुटपुटत, आणि आजही आमची बेरीज अडली की तोंडातून तेच निघते. जे त्यांनी कसोशीने लावले त्यातले बरेचसे आम्ही विसरलो. जे त्यांनी लावलेच नाही ते टिकून आहे.

भाषांच्या या पडण्यालाही इतिहास आहे. हैदराबादी दखनीतील सुप्रसिद्ध 'नक्को' हा आपला 'नको'च होय. कोणा पंडिताने तो दखनी बोलणाऱ्यांना शिकविला नाही. बाजारात, लष्कराच्या छावणीत, विहिरीवर शेजारच्या माणसाचा नकार कानावर पडत राहिला आणि शतकांपूर्वी तो जिभेवर बसला. आज ज्याला मराठीचे दुसरे अक्षर येत नाही असा माणूसही या शहरात दिवसातून दहा वेळा मराठीत नकार देतो.

आता थोडे शास्त्राकडे वळू. इव्हान पाव्हलॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ मुळात मानसशास्त्रज्ञ नव्हताच. त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्याची लाळ मोजता मोजता त्याच्या ध्यानात आले की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या नोकराची चाहूल लागताच, लाळ सुटू लागते. मग त्याने ठोके देणाऱ्या यंत्राचा वा तशाच एखाद्या आवाजाचा आणि अन्नाचा वारंवार संयोग घडवून आणला. काही काळाने नुसत्या आवाजाने लाळ सुटू लागली. हे अभिजात अभिसंधान. कुकरची तिसरी शिट्टी झाली की न बोलावता पाटावर येऊन बसणाऱ्या गृहस्थांस याहून अधिक स्पष्टीकरण नको. परंतु पाव्हलॉव्हच्या कामातला आम्हांस विशेष भावलेला भाग पुढचा आहे. आवाज व्हावा आणि अन्न येऊ नये, असे पुन्हा पुन्हा केले की लाळ हळूहळू आटते. याला विलोपन म्हणतात. सवय पुसली गेली असे वाटते. पण मध्ये काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा तो आवाज केला की आटलेली लाळ थोडीशी का होईना, परत येते. म्हणजे जे गेले असे दिसते ते नाहीसे झालेले नसते, दबून बसलेले असते.

बक्षिसाने शिकविण्याचा प्रकार निराळा. त्याचे उत्तम उदाहरण दर संक्रांतीला आमच्या गल्लीत येते. आपल्याकडे जसा गुबुगुबु करीत नंदीबैल येतो, तसा तेलुगू मुलखात गंगिरेद्दु येतो. रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरांच्या माळा, पुढे सन्नायी आणि ढोल. मालक म्हणतो, 'अय्यगारिकि दंडं पेट्टु', आणि बैल पाय उचलून, मान लववून घरधन्यास नमस्कार करतो. (अलीकडे काही बैलांच्या कपाळावर पैसे स्वीकारण्याची क्यूआर चौकटही लटकू लागली आहे, नंदीने काळाबरोबर चालावे यात वावगे काहीच नाही.) बैलाला शब्द कळतात असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः मालकाच्या हातातला दोर, ढोलाचा बदललेला ठेका, काठीची हालचाल, यांतली कोणतीतरी खूण तो ओळखतो. त्या खुणेवर मान हलविली की चारा आणि थोपटणे मिळाले आहे, हे त्याने अनेकदा अनुभवलेले असते.

नंदीबैलवाल्याला आपण कोणती खूण करतो हे पक्के ठाऊक असते. बर्लिनच्या फॉन ऑस्टन या शिक्षकाला ते ठाऊक नव्हते, म्हणून त्याची हकीकत अधिक बोधप्रद आहे. त्याचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवून उत्तराइतके टापांचे ठोके देई. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट याने चिकाटीने तपास करून १९०७ साली उलगडा प्रसिद्ध केला. प्रश्नकर्त्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्याला प्रश्नकर्ता दिसत नसेल, तर हान्सचे गणित चुके. योग्य ठोका पडताच प्रश्नकर्त्याची मान केसभर वर होई, आणि घोडा नेमका तेथे थांबे. गंमत अशी की ही गोष्ट स्वतः शोधून काढल्यावरही फुंग्स्टला आपली मान पूर्णपणे आवरता येईना. मालक समजत होता की आपण घोड्याला अंकगणित शिकविले. घोडा शिकला मालक वाचावयास! शिकविणारा काय शिकवितो यापेक्षा त्याच्याकडून काय निसटते याकडे शिकणाऱ्याचे लक्ष अधिक असते, ही गोष्ट आम्ही त्या घोड्याकडून घेतली.

आमच्या तारनाक्यातच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन याने १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीपासून सुरू केलेले हे काम १९५८ साली, डॉ. वि. ना. पटवर्धन संचालक असताना, हैदराबादला आले. कुन्नूरला असताना मॅकॅरिसनने हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना खाऊ घालून त्यांची वाढ मोजली होती. त्यात शिखांचा आहार पहिला, पठाणांचा दुसरा आणि मराठ्यांचा तिसरा आला. सातांत तिसरा हा क्रमांक समाजाने अभिमानाने मिरवावा असा आहे की कसे, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. या संस्थेने प्रयोगासाठी लागणारे उंदीर वाढवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरविण्याचे कामही अनेक वर्षे केले. आम्ही पुढे सांगतो ते प्रयोग तारनाक्याचे नव्हेत, परदेशांतील आहेत. परंतु उंदीर या प्राण्याविषयी या परिसरातील रहिवाशांच्या मनात एक शेजारधर्म असतो, म्हणून हा उल्लेख.

उंदीर अनोळखी अन्न पोटभर खात नाही, आधी चाखतो. १९५५ साली अमेरिकेत जॉन गार्सिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की गोड पाणी प्यायल्यानंतर किरणोत्सर्गाने उंदराला मळमळ झाली, तर तो त्या गोड पाण्याला पुन्हा तोंड लावीत नाही. १९६६ च्या प्रयोगात पाण्याला चवही होती, आणि ते पिताना दिवा लागून आवाजही होत असे. जे उंदीर आजारी पडले त्यांनी चवीचा धसका घेतला; ज्यांना विजेचा झटका बसला त्यांनी दिव्याचा आणि आवाजाचा. तेव्हा प्राण्याचे मन ही कोरी पाटी नव्हे. पोट बिघडले तर दोष जिभेवरच्या चवीचा, हे त्याचे शरीर आधीच ठरवून आलेले असते. आपल्या शेतकऱ्यांना यातला व्यवहार ठाऊक आहे. झिंक फॉस्फाइडसारखे काही तासांत परिणाम करणारे विष घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस निव्वळ आमिष ठेवावे लागते, नाहीतर थोडेसे खाऊन बचावलेला उंदीर पुन्हा त्या वाटेला जात नाही. नव्या औषधांचा परिणाम काही दिवसांनी होतो. तोवर कोणत्या घासाने घात केला हे उंदराला उमगत नाही, आणि त्यातच त्या औषधांचे यश आहे.

आणि उंदीर एकमेकांपासूनही शिकतात. कॅनडातील बेनेट गेलेफ यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केले की बाहेरून खाऊन आलेल्या सोबत्याच्या श्वासाचा वास घेऊन उंदीर त्याने काय खाल्ले ते ओळखतो आणि पुढे तेच अन्न पसंत करतो. माणसाचे बाळ तर याहून लवकर सुरुवात करते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या मातांनी गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत किंवा अंगावर पाजत असताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या चवीची पेज अधिक रुचली. आईच्या ताटातल्या चवी गर्भजलातून आणि दुधातून बाळाकडे पोहोचतात. आमच्या नातीला गोंगुऱ्याची चटणी पहिल्या घासापासून कशी आवडली, हे त्यामुळे आम्हांस कळले. आमच्या गोड्या मसाल्याची आमटीही तिने तितक्याच सहजतेने स्वीकारली, कारण सूनबाई त्या नऊ महिन्यांत सासूबाईंच्या हातचे जेवत होत्या. जिभेचे एक काम असे न शिकविता साधले. प्रश्न उरला तो जिभेच्या दुसऱ्या कामाचा.

भीतीचेही तसेच. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सापाला भीत नाहीत, परंतु रानात वाढलेल्या माकडाला साप पाहून घाबरताना काही मिनिटे पाहिले की ती भिऊ लागतात, असे सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखविले. त्याच युक्तीने फुलाची भीती मात्र माकडांच्या मनात बसेना. पालीच्या बाबतीत आमच्या घरच्या तीन पिढ्यांवर हा प्रयोग झालेला असल्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता ज्या प्रयोगाने आमच्या प्रश्नाची गाठ सुटली असे वाटते, त्याकडे येऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अल्बर्ट बांडुरा यांचा फुगीर बाहुलीचा प्रयोग बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. १९६१ साली त्यांनी लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला त्या बाहुलीला बडवताना दाखविले, आणि मुलांनी पुढे तोच प्रकार त्याच शब्दांनिशी केला. पण त्यांचा १९६५ सालचा प्रयोग कमी सांगितला जातो, आणि आमच्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. या वेळी मुलांना चित्रफीत दाखविली. काहींना बडवणाऱ्याला खाऊ मिळालेला दिसला, काहींना त्याला शिक्षा झालेली दिसली, काहींना काहीच झालेले दिसले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. येथवर नवल नाही. पण मग बांडुरांनी सर्वच मुलांना सांगितले की त्या माणसाने काय काय केले ते करून दाखवाल तर बक्षीस मिळेल. आणि फरक नाहीसा झाला. ज्यांनी काही केले नव्हते त्यांनाही सारे येत होते. शिकणे आणि शिकलेले करून दाखविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'कळते हो तिला सगळे, बोलत नाही इतकेच' या वाक्याचा अर्थ आम्हांस हा प्रयोग वाचल्यावर लागला. हे वाक्य बहुधा दिलगिरीच्या सुरात उच्चारले जाते. वास्तविक त्यात शिक्षणाचा मोठा भाग पुरा झाल्याची वार्ता आहे. मुलीच्या ठायी मराठी आहेच. प्रश्न एवढाच की तिने ती बाहेर का काढावी?

खरोखरच, का काढावी? तिच्या जागी बसून आम्ही घराकडे पाहिले. 'वॉटर' म्हटले की पाणी येते, आणि 'पाणी दे' म्हटले तरी तेच पाणी येते. पेल्यात अधिक काही पडत नाही. घरातल्या प्रत्येकाला इंग्रजी समजते, तेव्हा मराठीवाचून तिचे कोठेच अडत नाही. दुसरे असे की पाहुणे आले म्हणजे अनेक घरांतून मुलांस मराठी बोलावयास सांगतात, आणि मूल चार शब्द बोलले की टाळ्या पडतात. यातून ते असे शिकते की मराठी ही पाहुण्यांपुढे म्हणून दाखविण्याची गोष्ट आहे, गंगिरेद्दूच्या नमस्कारासारखी. तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. बांडुरांनीच १९६३ साली दाखविले की मुले घरातल्या सर्वच मोठ्यांचे सारखे अनुकरण करीत नाहीत. खेळणी वाटण्याची सत्ता ज्याच्या हाती असते, त्याचे अधिक करतात. बँकेचा फोन, डॉक्टरांची भेट, गाडीच्या हप्त्याचे बोलणे, सारांश ज्या बोलण्याने घर हलते ते आमच्याकडे इंग्रजीत होते. मराठीत होते ते 'औषध घेतलेत का' आणि 'आज भाजी कोणती'. हान्स घोड्याला मानेची केसभर हालचाल पुरत असे. पाच वर्षांच्या मुलीला एवढे दिसत नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भाषा म्हणजे लाळ नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५७ साली बोलणेही प्रबलनानेच शिकले जाते असे मांडले, आणि १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी त्यावर झोड उठविली. मूल कधीही न ऐकलेली वाक्ये रचते, मग ती कोणत्या बक्षिसाने आली, असा त्यांचा सवाल होता. त्याचे उत्तर आमच्या घरीच आहे. नात क्वचित मराठी बोलते तेव्हा 'बाबा येले' म्हणते. 'येले' हा शब्द या घरात कोणीच उच्चारीत नाही. 'ये' वरून 'येले' हे तिने स्वतः रचले, नियमाला धरून रचले, आणि मराठी भाषेनेच आपला नियम मोडून 'आले' केले, त्याला ती काय करणार? तेव्हा भाषा घडते ती मुलाच्या आत. परंतु ती ओठांवर येते की नाही हे मात्र बाहेरच्या वाऱ्यावर बरेच अवलंबून असते, असे आमचे मत आहे.

याचा पुरावा गेल्या दिवाळीत मिळाला. परभणीहून आमच्या वहिनी तीन आठवडे राहावयास आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि तेलुगू तर त्याहून येत नाही. पहिले दोन दिवस नात त्यांच्याशी इंग्रजी बोलली आणि वहिनी तिच्याकडे प्रेमाने पाहून हसल्या, एवढेच झाले. तिसऱ्या दिवशी वहिनी अंगणात बसावयास निघाल्या तेव्हा ती ओरडली, 'मोठ्या आजी, तिकडे मुंग्या आहेत!' कोणी सांगितले नव्हते, कोणी टाळी वाजविली नाही. वहिनींनी पाट उचलून दुसरीकडे ठेवला. मराठी वाक्याने एक माणूस हलला, हे तिने पाहिले. पुढचे दोन आठवडे तिची मराठी अशी काही वाहिली की सूनबाईच आमच्याकडे अर्थ विचारीत. वहिनी परत गेल्या आणि पंधरा दिवसांत सारे पूर्ववत झाले. पाव्हलॉव्हचे विलोपन आम्ही डोळ्यांनी पाहिले. मात्र फोनवर वहिनींचा आवाज ऐकला की अजूनही मराठी येते, हेही खरे.

यावर काय करावे? चिरंजीवांचा सल्ला असा की मराठी वाक्याला एक चॉकलेट द्यावे. सल्ला वरवर शास्त्रीय आहे. परंतु १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. काहींना चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. ते त्यांना मिळाले. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तो या मुलांनी चित्रे काढण्यात इतरांच्या निम्म्यानेच वेळ घालविला. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, आधी कबूल केलेले नव्हते, त्यांची आवड तशीच राहिली. सौदा ठरला की खेळाचे काम होते. चॉकलेटसाठी बोललेली मराठी चॉकलेटबरोबरच संपावयाची, ही भीती आम्हांस पटली. शिवाय दातांचा प्रश्न आहेच.

तेव्हा आम्ही उभयतांनी आपल्या हाती काय आहे याचा शोध घेतला. गाडीच्या किल्ल्या नाहीत, फोनवरचे अधिकाराचे बोलणे नाही. वेळ भरपूर आहे, आणि गोष्टी आहेत. संध्याकाळी दिवे लागल्यावर सौभाग्यवती गोष्ट सांगतात, मराठीतच, आणि ऐन मोक्यावर थांबतात. म्हातारी भोपळ्यात बसून निघाली आहे, वाटेत वाघ उभा आहे, आणि आजी पदराने चष्मा पुसत आहे. पहिल्या आठवड्यात नात म्हणे, 'देन?' आजी चष्मा पुसतच राही. इंग्रजी येत नाही असे सोंग तिने कधी केले नाही. केवळ गोष्टीतला वाघ मराठी आहे, त्याला मराठीत विचारल्यावाचून पुढे कळत नाही, असे सांगितले. ही सबब नातीला पूर्णपणे रास्त वाटली. एके दिवशी 'मग?' आले. मग 'मग काय झालं?' आले. आता 'वाघाला भोपळा आवडत नाही का?' येथपर्यंत मजल गेली आहे. या वाक्यांना मिळते ते फक्त गोष्टीचे पुढचे वाक्य, आणि तेवढे पुरेसे ठरलेले दिसते. शाळा सुरू झाल्यावर, अभ्यास वाढल्यावर हे किती टिकेल ते सांगता येत नाही. दिवसातला एक तास म्हणजे फार नव्हे.

गेल्या रविवारी सूनबाईंच्या भावाचा मुलगा आला होता, वयाने सहा. दोघे ओट्यावर बसली आणि नात त्याला भोपळ्याची गोष्ट सांगू लागली, अर्थात तेलुगूत; त्याला दुसरे काय सांगणार. आम्ही आतून ऐकत होतो. वाघ आला तिथे ती थांबली. तो वाट पाहत राहिला. तीही थांबून राहिली. शेवटी तिने त्याला समजावले की येथे 'मग' म्हणावयाचे असते. तेलुगूत 'मग' म्हणजे पुरुष, त्यामुळे तो बिचारा गोंधळला आणि वाघ नर आहे की मादी असे विचारू लागला. तसे नव्हे, नुसते 'मग' म्हण, ती म्हणाली. थोडा वेळ शांतता होती. मग त्याने म्हटले, 'मग?', आणि वाघ बोलू लागला.